भिरूड मास्तरांचं गप्प बसणं

भिरूड मास्तरांच्या कोटाचा उजवा खिसा कायम फुगलेला असे. त्यात भाजक्या शेंगा असत. आमच्या मंडळाच्या सभेत मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत आणि बोलायची फार उबळ आली की एक शेंग काढून फोडत, दाणे तोंडात टाकत आणि चावत राहत. तोंड भरलेलं असलं की माणसाला बोलता येत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. सभा संपली की आम्ही आधी त्यांच्या खुर्चीखाली बघायचो. टरफलं थोडी असली तर आपलं बरं चाललंय. ढीग असला तर आपण काहीतरी भयंकर ठरवून बसलोय, फक्त काय ते अजून आपल्याला कळलेलं नाही.

शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवत, आणि तिथे मात्र धबधब्यासारखे बोलत. फळ्याकडे पाठ करून, हात मागे नेऊन खडूनं तापी काढत, आणि ती नेमकी सुरतेपाशी समुद्राला मिळे. एकदा जगदीशनं विचारलं, "मास्तर, यहाँ इतना बोलते हो, मंडळात चुप का बसता?" मास्तर म्हणाले, "इथं बोलायचा पगार मिळतो रे. तिथं फुकट कशाला बोलू?"

त्यांची एक सायकलही होती. तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. ती ते हातात धरून चालवत नेत. सायकलवर बसलं तर पोरं मागे राहतात म्हणे. बऱ्हाणपूरच्या बोळांतून मधे सायकल, अलीकडे मास्तर आणि पलीकडे आमच्यापैकी कुणीतरी, असं ते त्रिकूट संथ चालत असे. त्या चालण्यात ते सल्ला देत नसत. ते एकच शब्द बोलत: "मग?"

आम्ही म्हणायचो, मास्तर, किल्ल्याकडं सहल नेऊ. "मग?" मग तिथं जेवू. "मग?" मग परत येऊ. "मग?" इथं आम्ही अडखळायचो, आणि मग आमचं आम्हालाच आठवायचं की प्यायच्या पाण्याचं काही ठरलेलंच नाही. मास्तर काही बोललेले नसत.

हे सगळं मी आता, चाळिशी उलटल्यावर, का लिहायला बसलो ते सांगून टाकतो. बोलका माणूस मी कधीच नव्हतो आणि स्वतःबद्दल तर मुळीच बोलत नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून मास्तर डोक्यातून जात नाहीत. ती गोष्ट पुढे येईलच. आधी मास्तर.

ते दिवस चमत्कारिक होते. आमचं गाव होतं तिथंच होतं, तापी होती तिथूनच वाहत होती, पण नवी राज्यं झाली आणि आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली. मोठी माणसं ओट्यांवर बसून हळू आवाजात बोलत. इथं आता आपण किती उरलो, पोरांच्या मराठीचं काय होणार, असं. आम्हा पोरांना त्यातलं फारसं कळत नव्हतं. जगदीश घरी हिंदी बोले, आमच्यात दोन्हीची भेळ करी, आणि आमच्या मराठी तरुण मंडळाचा तो खजिनदार होता. त्याला खजिनदार केलं कारण कुलपाची पेटी त्याच्या घरी होती.

मंडळाची अध्यक्ष सुमन. अकरावीतली, उंच, तरातरा चालणारी. चिटणीस मी, कारण अक्षर बरं. वाचनालयाच्या माडीवरची एक खोली आम्हाला वापरायला मिळाली होती, पण तिची चावी भाऊसाहेबांच्या कमरेला. भाऊसाहेब म्हणजे कापसाचे व्यापारी आणि वाचनालयाच्या समितीचे प्रमुख. प्रत्येक सभेआधी कुणीतरी त्यांच्या दुकानात जाऊन चावी मागायची, ते हिशेब थांबवून वर बघत आणि विचारत, "कशासाठी?" दर वेळी. या 'कशासाठी'चा सुमनला फार राग येई.

त्या जानेवारीत आम्ही नाटक केलं होतं. त्यातला खलनायक ऐन दिवशी मामाच्या लग्नाला देडतलाईला निघून गेला. आम्ही त्याला लग्नाची तारीखच विचारली नव्हती. त्याच्या जागी जगदीश उभा राहिला आणि साऱ्या मराठी दरबारात एकटा हिंदीतून धमक्या देऊ लागला. "महाराज, अब आपकी खैर नहीं!" त्यावर महाराजांना पुढचं वाक्य सुचेना. मास्तर पहिल्या रांगेत होते. इतके हसले की टोपी मांडीवर पडली. पुढे वर्षभर ते म्हणत, "असा खलनायक पुन्हा होणे नाही."

भाऊसाहेब हसले नाहीत. त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर ते खोलीवर आले. मास्तर कोपऱ्यात होते.

"मास्तर, तुम्ही या पोरांचे मार्गदर्शक आहात का प्रेक्षक?"

"मार्ग दाखवायला मी काय कंदील आहे, भाऊसाहेब? पोरांना डोळे आहेत."

"डोळे असून खड्ड्यात गेले गेल्या वेळी. सगळ्या गावानं पाहिलं." भाऊसाहेब आमच्याकडे वळले. "हे बघा. सगळ्या गल्लीदेखत एक कार्यक्रम करून दाखवा. नीट पार पडला तर ही चावी तुमच्याकडे, मी पुन्हा विचारणार नाही. पण पुन्हा फजिती झाली तर मंडळ बंद. या खोलीत मी जुनी पुस्तकं ठेवीन. आणि मास्तर, तुम्ही जातीनं उभं राहून करून घ्या."

"तेवढं नाही जमायचं," मास्तर म्हणाले. "मी केला तर तो माझा कार्यक्रम होईल. माझी परीक्षा कशाला घेता? मी कधीच पास होऊन बसलोय."

भाऊसाहेब जिना उतरले तेव्हा मास्तरांनी आमच्यासमोर पहिला आणि शेवटचा नियम सांगितला. "पाणी आणि आग. या दोन ठिकाणी मी बोलीन आणि तुम्ही ऐकाल, उलटा प्रश्न नाही. बाकीचं तुमचं. मला विचारलं तर सांगीन. नाही विचारलं तर..." त्यांनी खिसा थोपटला.

कार्यक्रम काय करायचा यावर आम्ही खूप भांडलो. भाषणं नकोत यावर तेवढं एकमत होतं. शेवटी सुमननं सुचवलं की हिवाळा आहे, भरताची पंगत करू. तिच्या काकांचा केळीचा मळा जैनाबादला, म्हणजे तापीच्या पल्याड. गल्लीतल्या सगळ्यांना नावेतून पलीकडे न्यायचं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कच्च्या तेलाची धार, पातीचा कांदा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. जगदीशच्या घरच्यांना, कोपऱ्यावरच्या विणकरांना, भाऊसाहेबांना, त्यांच्या म्हाताऱ्या आईला. एवढं सगळं ठरवून आम्ही रविवार धरला. शाळेला सुट्टी, नावाडी मोकळा, काका तयार.

त्या सभेनंतर खुर्चीखाली टरफलांचा एवढा ढीग होता की जगदीश म्हणाला, "यार, मास्तर को भूक लगी होगी."

गुरुवारी शाळा सुटल्यावर सुमन आणि मी आमंत्रणं द्यायला निघालो. सुरुवात मोठ्या घरापासून, म्हणून भाऊसाहेबांकडे. ते दुकानात होते. घरी त्यांची आई, जिजी. तोंडात एक दात, पण आवाज सगळ्या गल्लीला पुरेल असा.

"कव्हा हाय म्हने पंगत?"

"रविवारी, जिजी. तुम्ही यायचंच. नावेत गादी टाकू तुमच्यासाठी."

"गादी टाक बाप्पा, पालखीच आन. पन खायाले काय हाय?"

"वांग्याचं भरीत!"

जिजी थांबल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय वं सुमन, शिकली ना तू? वांगेसट कव्हा हाय?"

सुमन माझ्याकडे बघू लागली, मी तिच्याकडे.

"बुधवारी हाय सट! खंडोबाले भरीत-रोडग्याचा निवद दाखवल्याबिगर मी वांग्याले हात नाही लावत. कांद्यालेबी नाही. आषाढापासून नाही लावला. आन् माह्यासारख्या या गल्लीत घरोघरी हायेत. तुम्ही आमाले पंगतीले बसवून काय उपाशी उठवता?" मग आवाज खाली आणून, "कोनी सांगितलं नाही तुमाले? तो मास्तर काय करते?"

बाहेर येऊन सुमन ओट्यावर मटकन बसली. सट म्हणजे चंपाषष्ठी; तोपर्यंत वांगं न खाणं हे आमच्या घराघरांत चालत आलेलं. आमच्या आया पाळत होत्या, आज्या पाळत होत्या. आम्हीच चार महिने घरी वांग्याची भाजी खाल्लेली नव्हती, आणि का खाल्ली नाही हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

अर्ध्या तासात बातमी गल्लीभर झाली आणि भाऊसाहेब दुकान टाकून माडीवर आले. आम्ही सगळे गोळा झालो होतो. मास्तर कोपऱ्यात.

"माझ्या आईचं व्रत मोडायला निघाली होती पोरं," भाऊसाहेब म्हणाले. "मास्तर, सट बुधवारी आहे हे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

"होतं."

भाऊसाहेबांनी हात जोडले, "धन्य आहे!" म्हणाले आणि खाली गेले. पण खरं संकट ते नव्हतंच. सुमन उठून मास्तरांसमोर उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं, मास्तर?"

"होतं."

"आणि तुम्ही शेंगा खात बसलात?"

"तुम्ही शाळेला विचारलंत, नावाड्याला विचारलंत, काकांना विचारलंत," मास्तर हळू म्हणाले. "जेवणाऱ्याला कुणी विचारलं नाही. मला वाटलं, आज विचाराल, उद्या विचाराल."

"आणि तुम्ही वाट बघता बघता आमची खोली गेली असती तर?"

मास्तरांनी खिशात हात घातला, शेंग काढली, पण ती त्यांच्याच्यानं फुटेना. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. तोपर्यंत मला वाटे, गप्प बसणं त्यांना सोपं जातं.

सुमननं डोळे पुसले. "बरं. आता तुम्ही खाली जा, मास्तर. आम्हाला विचार करायचाय."

आजचा कुठलाही मोठा माणूस यावर काय म्हणेल ते मला माहीत आहे, कारण मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. मास्तर उठले, टोपी घातली, "हो हो, येतो," म्हणाले आणि मुकाट जिना उतरले. मी खिडकीतून पाहिलं. ते घरी गेले नाहीत. सायकल धरून खाली बोळात उभे राहिले. येणारा जाणारा विचारी, "काय मास्तर, इथं कसे?" तर म्हणत, "काही नाही, वर मीटिंग चाललीय."

वर जगदीश म्हणत होता, "यार, बुधवार को ही रख लो ना, झंझट खतम."

"बुधवारी शाळा आहे. नाव पण नाही."

"तो जिजी को बोलो, आँख बंद करके खा लो."

"तू सांग जिजीला. जिवंत परत आलास तर आम्हाला कळव."

कुणी म्हणालं वांगं सोडून पिठलं करू. कुणी म्हणालं कार्यक्रमच रद्द करू. सुमन खिडकीशी उभी होती. अचानक वळून म्हणाली, "मळा कशाचा आहे?"

"केळीचा."

"मग कच्ची केळी भाजू."

"केले का भरता?" जगदीश किंचाळला. "सुना है कभी?"

"ऐकलं नाहीस ना? रविवारी खाशील. वांगं खाणाऱ्यांना वांगं, सट पाळणाऱ्यांना केळं. कांदा नाही, लसूण नाही. मिरची, कोथिंबीर, दाण्याचा कूट, वरून तेल." मग ती थबकली. "पण आधी जिजींना विचारायचं."

आम्ही सगळेच्या सगळे जिजींकडे गेलो. मास्तरांच्या अंगावरून गेलो, ते मागोमाग आले नाहीत. जिजींनी सगळं ऐकून घेतलं. "केयाले काय बंदी? केयं तं देवाले चालते," त्या म्हणाल्या. आमच्याकडे केळ्याला जुनी माणसं 'केयं' म्हणत. "पन चुला येगळा पाह्यजे. वांग्याच्या इस्तवावर माहं केयं भाजलं तं मी उठून जाईन, सांगून ठेवते."

परत बोळात आल्यावर सुमननं मास्तरांना एवढंच सांगितलं, "दोन चुली करतोय."

मास्तर म्हणाले, "मग?"

सुमन एकदम हसली. "मग दोन बादल्या पाणी जवळ ठेवू. तुमची आग."

रविवारी आम्हाला मास्तरांचं एक वेगळंच रूप बघायला मिळालं. घाटावर ते पहाटेच येऊन बसले होते. नावेत किती माणसं बसवायची हे त्यांनी नावाड्याशी ठरवून टाकलं होतं आणि त्यापुढचं एक माणूस ते चढू देत नव्हते. इतके दिवस शेंग चावत बसणारा तो माणूस पाण्याकाठी नुसता गर्जत होता. "बसा! हालायचं नाही! ए, हात आत घे!" नाव मधोमध गेली आणि भाऊसाहेब उभे राहून काठावरच्या कुणाला तरी सूचना देऊ लागले. मास्तरांनी असा आवाज लावला की दोन्ही तीरांवर ऐकू गेला: "भाऊसाहेब, खाली बसा!"

भाऊसाहेब बसले. गादीवर बसलेल्या जिजी म्हणाल्या, "बरं झालं. त्याचा बाप मेल्यापासून त्याले कोनी बस म्हनलंच नव्हतं."

मळ्यात पोचल्यावर मास्तरांनी दोन्ही चुली बघितल्या, वारा कुठून येतो ते बघितलं, गेल्या सालच्या काड्यांची गंजी चुलीपासून लांब सरकवायला लावली, बादल्या बघितल्या. आणि मग त्यांनी जणू कुणी कळ दाबल्यासारखं तोंड मिटलं आणि एका केळीच्या बुंध्याशी जाऊन बसले.

पुढे जे झालं ते सगळं त्यांनी तिथून पाहिलं. पाहुणे आधी आले आणि भाकऱ्या मागून आल्या. जगदीशनं केळी भाजायला घेतली ती सालासकट न घेता सोलून घेतली, आणि पहिला घाणा कोळसा झाला. "मुझे क्या पता, केला तो छीलके ही खाते हैं!" विणकरांच्या घरातला एक काका पुढे झाला, त्याची बायको पुढे झाली, सालासकट केळी काड्यांत खुपसली गेली. बडगीत मुसळ पडू लागलं. खमंग वास सुटला, आणि मग सुमनच्या लक्षात आलं की दाण्याचा कूट घरीच राहिलाय.

तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ मास्तरांसमोर जाऊन ओंजळ पुढे केली.

"मास्तर, खिसा रिकामा करा."

मास्तरांचा चेहरा असा झाला की आजही आठवला तर हसू येतं. लहान पोराच्या हातातलं खेळणं मागावं तसा. त्यांनी उजवा खिसा उलटा केला. मग, थोडं लाजून, डावाही केला. त्यातही होत्या. पोरींनी शेंगा सोलल्या, दाणे कुटले आणि ते भरतात गेले.

आता मास्तरांपाशी तोंड बंद ठेवायला काहीच नव्हतं. समोर पंगतीच्या रांगा वाकड्या बसत होत्या, पाणी वाढणारी पोरं एकाच टोकाला गोळा झाली होती. मास्तर अर्धवट उठले, बसले, पुन्हा उठले. जगदीशनं मला कोपरानं ढोसलं, "देख, देख, अब बोलेंगे." मास्तरांनी हात पाठीमागे बांधले आणि तरातरा नदीकडे निघून गेले. पंगत बसेपर्यंत ते लांब, पाण्याकडे तोंड करून उभे होते.

जिजी सट पाळणाऱ्यांच्या रांगेत पहिल्या. त्यांच्या शेजारी भाऊसाहेब, तेही पाळणारेच. सुमननं केळीच्या पानावर केळ्याचं भरीत वाढलं. आम्ही सगळे वाढायचं सोडून उभे राहिलो. माडीवरची ती खोली, तिथली आमची भांडणं, सगळं त्या एका घासावर येऊन थांबलं होतं. जिजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, त्या एका दातानं आणि हिरड्यांनी खूप वेळ चघळलं.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

सुमनचा चेहरा उतरला.

"आन् मिरची भाजून घालाची असते, कच्ची नाही. पुढच्या साली ध्यानात ठेवा." मग पान पुढे सरकवून, "वाढ अजून."

'पुढच्या साली' हे शब्द भाऊसाहेबांनीही ऐकले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग पानाकडे. त्यांचा थोरला मुलगा नागपूरला होता. नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं याचं दुःख ते कधी कुणाजवळ बोलत नसत. ते एकाएकी म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी इतकी माणसं एका पंगतीला पाहिली." आणि दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी कमरेच्या जुडग्यातून चावी सोडवली आणि नदीवरून परत आलेल्या मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी दोन्ही हात मागेच ठेवले. "मला कशाला? अध्यक्ष तिकडे आहेत."

अध्यक्ष तिकडे राखेनं बडगी घासत होत्या. भाऊसाहेब चालत तिथवर गेले. सुमनचे हात कोपरापर्यंत काळे. तिनं ते परकराला पुसले आणि चावी घेतली. भाऊसाहेबांनी 'कशासाठी' विचारलं नाही.

काही दिवसांनी मी मास्तरांच्या घरी वह्या द्यायला गेलो. ते बाहेर गेले होते. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ज्वारी निवडत होत्या. मी धीर करून विचारलं, "काकू, मास्तर इतके गप्प कसे बसतात?"

"गप्प?" काकूंनी सूप खाली ठेवलं. "सभेत शेंगा खातात आन् घरी येऊन माझं डोकं खातात! त्या आठवड्यात तर जेवण नाही, झोप नाही. 'पोरांनी सट विसरली, पोरांनी सट विसरली.' मी म्हटलं, अहो मग सांगून टाका. तर म्हणे, शुक्रवारपर्यंत थांबतो. शुक्रवारी सांगितलं तरी दोन दिवस हाती राहतात, तेवढ्यात त्यांना काही करता येईल. गुरुवारी तुम्हाला कळलं तेव्हा घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या त्या माणसानं."

म्हणजे त्यांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. आम्हाला पडायला किती जागा द्यायची, आणि हात कुठे पुढे करायचा, हे ठरवून ते बसले होते. सुमनला त्या दिवशी हे सांगून ते स्वतःची सुटका करून घेऊ शकले असते. त्यांनी ते सांगितलं नाही. तिचा राग अंगावर घेतला आणि खाली बोळात जाऊन उभे राहिले. मी हे तिला पुढे केव्हातरी सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी त्यांच्या शेंगाही काढून घेतल्या."

आता माझं. मी खंडव्याला सरकारी वसाहतीत राहतो. गेल्या महिन्यात वसाहतीतल्या पोरांनी आनंदमेळा करायचं ठरवलं. त्यात माझी मुलगी मीना पुढे होती. मला त्यांनी सल्लागार केलं, आणि मला मास्तर आठवले, आणि मी ठरवलं, आपणही तसंच करायचं. पहिल्या सभेत मी खिशात शेंगासुद्धा घेऊन गेलो. दुसऱ्या सभेपर्यंत मी त्यांची तारीख बदलली होती. पुढे खेळ बदलले, पाहुणे बदलले. पोरं झोपली की मी त्यांच्या पाट्या पुन्हा रंगवत असे. मेळा उत्तम झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. घरी आलो तर मीना गणितं सोडवत बसली होती. मेळा संपायच्या आधीच घरी आली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमचा कार्यक्रम छान झाला."

ती रागावली नव्हती. ते मनापासून म्हणाली. तेच मला सहन होत नाही.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते याच्या बऱ्याच आधी. सुट्टीत गावी गेलो होतो. घाटावर नव्या पोरांचं कुठलंसं मंडळ मांडव घालत होतं. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. खांदे वाकले होते. पोरांना ते कोण हे माहीत नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलेलं दिसत नव्हतं. एका मिशी फुटलेल्या पोरानं त्यांना बांबूचं एक टोक धरायला दिलं होतं आणि ते मन लावून धरून उभे होते.

बांबू उघड उघड चुकीच्या बाजूला चालला होता. वारा नदीवरून येत होता आणि पोरं कनात नेमकी वाऱ्याच्या तोंडाशी बांधत होती. मी पुढे होऊन सांगणार, तोच मास्तरांनी मला पाहिलं. ओळखलं. डोळे हसले. आणि त्यांनी मान अगदी थोडी, नकारार्थी हलवली.

"ओ बाबा, थोडा ऊपर! वर घ्या, वर!" पोरगं ओरडलं.

"असं?" मास्तरांनी विचारलं आणि टाचा उंच करून बांबू वर धरला.

"अजून!"

"घे बाबा, अजून," मास्तर म्हणाले.